तिसरा न्यूट्रिनो

माझ्या लग्नाची आणि माझ्या प्रबंधाची गाठ घरच्यांनी मारली होती, मी नाही. आत्याच्या मुलाशी माझं लग्न व्हायचं, हे मी रांगत होते तेव्हाच ठरलं होतं. आमच्याकडे भावाच्या मुलीवर पहिला हक्क आत्याचा. तो तिने मागायचा नसतो आणि भावाने नाकारायचा नसतो. आत्या कोरेगावजवळच्या एका गावात दिलेली, आम्ही पलूसकडचे. आतेभाऊ फौजेत हवालदार होता. माणूस सरळ, दारू नाही, आवाज चढवणं नाही. त्याच्यात खोड काढायला जागा नव्हती आणि तीच माझी पंचाईत होती. खोड असती तर निदान भांडता आलं असतं.

एम.एस्सी. होऊन मला सांगलीच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची नोकरी लागली, तेव्हा मी वडिलांकडून, म्हणजे आबांकडून, एक कबुली घेतली. पीएच.डी.चा प्रबंध पुरा होईपर्यंत लग्न काढायचं नाही. आबा पलटणीत राहून आलेले, शब्दाला जागणारे. त्यांनी आत्याला विचारलं. आत्या म्हणाली, शिकू दे की. शिकून झाल्यावर कॉलेज सोडायचं आणि सासरी येऊन राहायचं, हे कोणी बोललं नाही, कारण त्यात बोलण्यासारखं काय होतं? मीही गप्प बसले. दोन-चार वर्षं पदरात पडली, एवढ्यावर मी तेव्हा खूश होते.

आता प्रबंधाचा विषय सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. बिचकू नका, पहिल्या वर्षाच्या पोरांना मी हे एकही समीकरण न लिहिता सांगत आले आहे.

जगातल्या कणांच्या दोन जाती आहेत. एका जातीचे कण वस्तू घडवतात. इलेक्ट्रॉन त्यातला, आणि ज्याला ना विद्युतभार ना वजन असं आम्ही तेव्हा मानत होतो तो न्यूट्रिनोही त्यातलाच. दुसऱ्या जातीचे कण बळ वाहून नेतात. प्रकाशाचा फोटॉन त्या जातीचा. या दोन जातींत रोटीबेटीचा व्यवहार नाही, असंच आम्हाला शिकवलेलं. मी एम.एस्सी. होत होते त्याच सुमारास युरोपात एक नवा विचार निघाला, सुपरसिमेट्री नावाचा. त्याचं म्हणणं असं, की एका जातीतल्या प्रत्येक कणाला दुसऱ्या जातीत एक जोडीदार असलाच पाहिजे. दोघांचा भार सारखा, बाकीचे गुण सारखे, फरक तेवढा स्वतःभोवतीच्या फिरकीचा. विचार इतका देखणा होता की मी वाचला त्या दिवशी तास घेतानाही माझं लक्ष फळ्यावर नव्हतं.

अडचण एकच होती. असले जोडीदार कोणी पाहिलेच नव्हते. मग ते सगळे नवे मानायचे, म्हणजे माहीत असलेल्या कणांइतकेच न पाहिलेले कण जगात आणून बसवायचे. माझ्या मनाला हे पटेचना. ज्याचा आगापिछा माहीत नाही असा एखादा असता तर एक वेळ चाललं असतं, इथे तर अख्खं वऱ्हाड अनोळखी. सोयरीक नात्यातल्या नात्यात झाली की निस्तरायला सोपी जाते, हे मी चुलीपाशी ऐकत वाढलेली मुलगी. मी ठरवलं की जोड्या घरातच लावायच्या. फोटॉनला भार नाही, वजन नाही. न्यूट्रिनोलाही नाही. यांचंच जमवायचं.

बाहेरच्या काही लोकांनी हा प्रयत्न आधी केला होता आणि त्यातले बरेच मागे फिरले होते, हे मला ठाऊक होतं. त्यांची एक अडचण अशी होती की फोटॉन एक आणि न्यूट्रिनो दोन, एक इलेक्ट्रॉनच्या जोडीचा आणि एक त्याच्या जड भावाच्या जोडीचा. ती सोडवायला मी विस्तारित सुपरसिमेट्रीकडे गेले. तिच्यात एकीऐवजी दोन सममिती, म्हणजे जोड्या लावणारे दोन नियम, असतात, आणि त्यामुळे फोटॉनला एक नाही, दोन जोडीदार मिळतात. न्यूट्रिनो बरोबर दोनच माहीत होते. ते जुळलेलं पाहून माझ्या अंगावर काटा आला. जगात एकही उपरा न आणता सगळं बसत होतं. बसत होतं म्हणजे, एक बिनफिरकीचा कण उरत होता, त्याला मी भरपूर वजन देऊन कोपऱ्यात बसवला. स्वतःच्या बाबतीत जी सोयरीक मला नको होती, तीच मी फोटॉनच्या गळ्यात बांधत होते. हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही, इतकी ती रीत अंगात मुरलेली होती.

सांगलीत मी एका जैन कुटुंबाच्या माडीवर राहत असे. घरमालकीण सूर्य मावळायच्या आत जेवायच्या आणि मलाही जेवायला लावायच्या, त्यामुळे संध्याकाळ मोकळी मिळायची. हळदीच्या पेठेतून खिडकीवाटे जी धूळ यायची तिने माझे कागद पिवळे व्हायचे. या गणितात काही राशी अशा असतात की दोघींच्या जागा बदलल्या की उणे चिन्ह येतं. पानभर ओळींत एक अदलाबदल नजरेतून निसटली की पुढची सगळी पानं वाया. मी ती पानं फाडायची, नव्याने लिहायची, आणि खरं सांगायचं तर मी तेव्हा सुखात होते. प्रबंध संपत आला तसं मात्र ते सुख कुरतडायला लागलं. तो पुरा व्हावा म्हणून मी धडपडत होते आणि तो पुरा झाला की माझं इथलं सगळं संपणार होतं.

आणीबाणी उठून वर्ष उलटलं होतं. पावसाळ्यातल्या एका शनिवारी मी नेहमीसारखी एसटीने विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेले. परदेशी नियतकालिकं तिथे बोटीने यायची, महिनोन्‌महिने उशिरा, आणि कधी मधलाच अंक गहाळ व्हायचा. त्या दिवशी गठ्ठा नुकताच फुटला होता. उभ्या उभ्या चाळताना मला दिसलं की इलेक्ट्रॉनच्या घराण्यातला एक तिसरा कण पक्का झाला आहे. प्रोटॉनच्या जवळपास दुप्पट जड, आणि दोन वेगवेगळ्या देशांतल्या यंत्रांवर दिसलेला. पहिल्या दोघांना जसा एकेक न्यूट्रिनो आहे तसा यालाही असणार, हे तिथे एका ओळीत, जाता जाता म्हणावं तसं लिहिलं होतं.

म्हणजे न्यूट्रिनो तीन. आणि माझ्या फोटॉनला जोडीदार दोन.

मी बाकावर बसले. पहिला विचार आला तो असा की हे खोटं असू दे. मग कळलं की ही बातमी तिकडे जुनी होऊन गेली आहे, तिचा कोणाला धक्काही बसत नसेल, आणि मी इथे सांगलीत महिनोन्‌महिने मेलेल्या गणिताची चिन्हं तपासत बसले होते. परतीच्या गाडीत शेजारच्या बाईने विचारलं की घरी काही वाईट झालंय का. मी हो म्हणाले.

सुरुवातीचे दिवस मी हार मानली नाही. दोन सममितींनी भागत नसेल तर तीन घेऊ, म्हणजे जोडीदार तीन मिळतील. मी तीन घेऊन मांडलं. तर हे गणित असं अडेलतट्टू की फोटॉनसाठी तीन मागितले की पदरात चार पडतात. तीनची मांडणी पुरी करायला गेलं की ती आपोआप चारची होते. शिवाय बिनफिरकीचे सहा कण उरतात. एकाला कोपऱ्यात बसवता येतं, सहांना कुठे बसवायचं? मी ते पुन्हा पुन्हा केलं. दर वेळी चारच आले. मालकीणबाई ताट वाढून हाका मारायच्या आणि मी वरून भूक नाही म्हणून ओरडायचे. पुढे पुढे मला त्या कणांचा राग यायला लागला, जणू ते माझं वाटोळं करायलाच जन्मले होते.

शेवटी मी माझ्या मार्गदर्शकांकडे गेले. म्हातारे गृहस्थ, स्वभावाने मऊ, त्यांचा विषय मुळात वेगळा होता आणि माझं काम ते विश्वासावर पाहत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले की आहे तसाच प्रबंध देऊन टाका. परीक्षकांपर्यंत हा तिसरा कण पोचलेला नसेल, पोचला असला तरी ते त्याच्यावर बोट ठेवणार नाहीत. त्यात त्यांचा काही स्वार्थ नव्हता. माझं नुकसान होऊ नये, एवढंच त्यांना वाटत होतं.

मी जिना उतरले आणि खालीच बसून राहिले. खोटा प्रबंध दिला तर डॉक्टर होईन, आणि प्रबंध झाला म्हणून लग्न होईल. खरं बोलून नव्याने सुरुवात करते म्हटलं, तर घरचे म्हणणार, इतक्या वर्षांत जमलं नाही ते आता काय जमणार, पुरे झालं. कुठूनही गेलं तरी रस्ता कोरेगावच्या त्या घरातच जात होता. तिथे चूल होती, म्हशी होत्या, माझ्यावर जीव टाकणारी आत्या होती. फक्त हे काम नव्हतं, आणि मला या कामाशिवाय जगता येणार नाही हे मला त्या पायरीवर कळलं.

त्याच आठवड्यात आबांचा निरोप आला. आतेभावाला दिवाळीनंतर लांब रजा मिळणार आहे, तुळशीचं लग्न झालं की तुमचं उरकू, लिहिणं आवरतं घे.

मी आबांशी बोलायला हवं होतं. पण आबांना काय सांगू? शब्द त्यांनी दिला होता, आणि तो परत घेऊ शकेल अशी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे जिला दिला ती आत्या. भादव्यातल्या एका रविवारी मी कोरेगावची एसटी धरली. आत्याला मी काय सांगणार होते ते माझं मलाच ठाऊक नव्हतं. गाडी बिघडावी, फाटा चुकावा, असं वाटत होतं.

आत्या अंगणात वाघ्या घेवड्याच्या शेंगा सोलत बसली होती. एकटीच होती. मी शेजारी बसून शेंगा सोलायला घेतल्या आणि सांगत सुटले. दोन न्यूट्रिनो, तिसरा निघाला, सगळं मोडलं, पुन्हा मांडायला निदान वर्षभर पाहिजे. मी रडत होते. तिने मध्ये एकदाच विचारलं की म्हंजे नापास झालीस का. मी म्हटलं, नाही, त्याहून वाईट. ती ऐकत राहिली. मग हातातली शेंग तिने सुपात टाकली.

"तुजं ते लिवणं कवा संपंल तवा संपंल," ती म्हणाली. "मला येवढंच सांग, तुला आमच्या घरात यायचंय का न्हाई?"

मी कॉलेजचं काहीतरी बोलायला लागले. तिने मला थांबवलं. "कालेजाचं न्हाई इचारलं मी."

"न्हाई, आत्या," मी म्हणाले.

"माज्या लेकात काय खोट हाय?"

"काईच न्हाई. असती तर बरं झालं असतं."

मला वाटलं की आता ती मला हाकलेल, आणि हाकललं असतं तर मला हलकंच वाटलं असतं. ती उठली, भाकरी थापल्या, घेवड्याची आमटी केली आणि मला समोर बसवून जेवायला घातलं. निघताना ती फाट्यापर्यंत चालत आली आणि तिथे एसटीची वाट पाहत मला म्हणाली, की आबांपुढे तू तोंड उघडायचं नाहीस. मुलीने शब्द मोडला असं झालं तर भावकीत आबांना मान वर करता येणार नाही, आणि तुला तर लोक जगू देणार नाहीत. शब्द मी मोडते. माझ्या पोराचं काय ते मी बघते.

दसऱ्यानंतर तिथी काढायला म्हणून पलूसच्या आमच्या घरी सोप्यात भावकीची चार मोठी माणसं बसली होती. आत्या आली. चहाही न घेता तिने उभ्यानेच सांगून टाकलं की आमच्या पोराला ही सोयरीक नको, त्याला घरात राबणारी पाहिजे, मास्तरीण नको. मी आतल्या दारात उभी होते. आबा उठले. मी त्यांना आयुष्यात कधी तिच्यावर आवाज चढवताना पाहिलं नव्हतं.

"हितनं म्होरं ह्या उंबऱ्याला पाय लावू नगंस," ते म्हणाले.

मी बोलायला तोंड उघडलं. आत्याने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि मी गप्प झाले. ती वळली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि आलेल्या वाटेने फाट्याकडे चालायला लागली. भावकीतले लोक मला बिचारी म्हणत होते. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मी आत जाऊन धान्याच्या कणगीमागे बसले आणि तोंडात पदर कोंबून रडले.

पुढचं वर्ष मी वेड्यासारखं काम केलं. दुसरं काही करायला तोंडच नव्हतं. घरातल्या घरात जोड्या लावायचा हट्ट सोडला आणि जे सुरुवातीला करायला हवं होतं ते केलं. विस्तारित सुपरसिमेट्री ठेवली, पण फोटॉनचे दोन्ही जोडीदार नवे मानले. इलेक्ट्रॉनचे नवे, प्रोटॉनच्या आतल्या क्वार्कचे नवे, सगळं वऱ्हाड परकं. त्यांची वजनं जास्त का असावीत, ते यंत्रात दिसले नाहीत तरी कणांच्या टकरीनंतर ऊर्जेचा मेळ बसेनासा होऊन कसे ओळखू येतील, हे मांडलं. सही करताना मार्गदर्शकांनी विचारलं की यातला एक तरी कण कोणाला दिसलाय का. मी म्हटलं, नाही सर. आज इतक्या वर्षांनीही मला हेच उत्तर द्यावं लागतं. पण गणित बरोबर होतं. तिसरा न्यूट्रिनो त्यात कुठेच आडवा येत नव्हता.

प्रबंध दिला त्या सालच्या दिवाळीला मी पलूसला गेले, ती आबांना एक गोष्ट सांगायचं ठरवून. मला आता कुठेच लग्न करायचं नव्हतं. सांगलीत राहायचं, शिकवायचं, हे काम करायचं. एवढं झाल्यावर आता आडपडदा कशाला, असं मला वाटत होतं.

भाऊबीजेला आबांची भावकीतली एक चुलतबहीण त्यांना ओवाळायला आली. आबांनी तिला परत पाठवलं आणि गोठ्यापुढच्या कट्ट्यावर जाऊन बसले. आदल्या दिवाळीलाही ते असेच बसले होते, आणि मी लांबून पाहून निघून गेले होते. या वेळी मला राहवलं नाही. मी जाऊन म्हणाले की मी उद्या कोरेगावला जाते आणि आत्याला घेऊन येते. तिचा काही दोष नाही, तिने माझ्यासाठी खोटं सांगितलं, मी हे भावकीसमोर सांगायला तयार आहे.

आबांनी कट्ट्यावर बाजूला सरकून मला जागा करून दिली.

"मला ठावं हाय," ते म्हणाले. "त्या दिशी ती आधी मळ्यात आली हुती माज्याकडं. भांडान आमी दोगांनी मिळून ठरवलं, बाय."

ते हळूहळू बोलत होते, मध्ये थांबत होते. लोकांना खरं वाटावं म्हणून भांडण मोठं करावं लागलं. आणि आता खरंच भांडल्यासारखं राहावं लागतं, कारण लगेच येणंजाणं सुरू झालं तर कोणीही ओळखेल की नकार कोणाचा होता. मग तुला स्थळ येणार नाही, आणि बिनलग्नाच्या पोरीनेच शब्द मोडला म्हणून लोक तुला जगू देणार नाहीत. मी विचारलं की हे असं कधीपर्यंत.

"तुजं कुटंतरी जमंस्तवर. तू नांदाया लागलीस की मी जातुया तिच्याकडं. तीबी त्याचीच वाट बगत बसलीया."

मी ठरवून आले होते ते गिळून टाकावं, असं एकदा मनात आलं. पण त्या दोघांना अशी वाट पाहत ठेवणं मला जमणार नव्हतं.

"आबा," मी म्हणाले, "मला लग्नच करायचं न्हाई. कवाच."

आतून आईने दिवा लावल्याचं दिसलं. शेजारच्या घरी ओवाळणं चाललं होतं, त्याचा आवाज येत होता. शेवटी त्यांनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं.

"तिला ह्ये सांगू नगंस," ते म्हणाले, आणि म्हशीची धार काढायला उठले.